साडूभाऊंची खळ

डहाणूपासून तलासरीपर्यंत कुरळ्या केसांचा अभ्यास माझ्या थोरल्या साडूंइतका कोणी केलेला नाही, आणि त्यांच्याइतकं तुळतुळीत टक्कलही ह्या सबंध पट्ट्यात दुसऱ्या कोणाला नाही. ह्या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा नांदतात असं लोक मला विचारतात. मी सांगतो, बाबांनो, साडू माझे असले तरी डोकं त्यांचं आहे. चिखल्याला जा आणि त्यांनाच विचारा. विचारायला गेलेला माणूस दुपार गमावून परत येतो. त्याच्या हातात घरगुती जेलची बाटली असते, आणि ती बाटली नको कशी म्हणायची हे न सुचल्याचं दुःख चेहऱ्यावर असतं.

साडूभाऊंची चिखल्याला चिकूची वाडी आहे. झाडं आजोबांनी लावली, वडिलांनी वाढवली, आणि साडूभाऊ त्यांच्या सावलीत बसून अभ्यास करतात. कुठलीही गोष्ट करायची तर आधी मुळापासून समजून घ्यायची हा त्यांचा बाणा, आणि मूळ सापडेपर्यंत शेंडा वाळून जातो हा आमचा अनुभव. मागे मधमाश्या पाळायचं ठरवलं तेव्हा त्यांनी माश्यांबद्दल इतकं वाचलं की पेट्या आणायचंच राहून गेलं. तोवर माश्या आपण होऊन आल्या आणि न्हाणीच्या छपराला पोळं करून बसल्या. साडूभाऊ त्यांचा स्वभाव जवळून बघायला गेले आणि दोन्ही डोळे सुजवून परत आले. तशा अवस्थेतही, 'ह्या आपल्या देशी माश्या आहेत, चावण्यावरून कळतं,' असं त्यांनी मला समाधानाने सांगितलं. अशा माणसावर रागावणार तरी कसं?

केसांचा अभ्यास मात्र त्यांनी हौसेने सुरू केला नाही. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो. ताईंचे केस सरळ, दाट आणि इतके लांब होते की आमच्या सासुरवाडीला अजून कोणाच्याही केसांचं कौतुक करायचं झालं तर 'ताईसारखे नाहीत, पण चांगले आहेत' असंच म्हणतात. मग ताईंना कॅन्सर झाला. मुंबईला खेपा झाल्या, औषधं झाली, केस गेले. देवाच्या दयेने ताई वाचल्या, आणि गेलेले केसही परत आले. पण आले ते कुरळे. ह्या औषधांनंतर कधीकधी असं होतं, काही दिवसांनी बदलतीलही, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, 'हे माझे नव्हेत. दुसऱ्या कोणाचे तरी चुकून माझ्याकडे आलेत.' त्या दिवसापासून त्यांनी डोक्यावर पदर घेतला तो उतरवलाच नाही. हळदीत गाणी म्हणायला सगळ्यांत पुढे असणारी बाई वाडीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकीना.

समजूत घालायला माणसं काही कमी आली नाहीत. एकीने सांगितलं की कुरळे केस हे भाग्याचं लक्षण. दुसरीने कांद्याचा रस सुचवला. तिसरी म्हणाली, जीव वाचला ना, मग केसांचं काय एवढं घेऊन बसायचं; ती स्वतः दर महिन्याला केस रंगवायला वापीला जाते. साडूभाऊंनी ह्यातलं काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, 'तुला नक्की काय खटकतं?' ताई म्हणाल्या, 'बसत नाहीत. झाडूसारखे उभे राहतात.' साडूभाऊंचा चेहरा उजळला. दुःखावर त्यांना उपाय माहीत नव्हता, पण ही तर तांत्रिक अडचण निघाली. 'बसत नाहीत एवढंच ना,' ते म्हणाले, 'बसवू.'

आणि चिखल्याच्या त्या घरात शास्त्र शिरलं. मोबाइलवर जगभरच्या कुरळ्या बायका साडूभाऊंशी बोलू लागल्या. केसांचे प्रकार असतात, त्यांना आकडे आणि अक्षरं असतात, हे त्यांना कळलं. पुढे ते माणसं नावाने ओळखेनासे झाले. 'तो कोण आला, तीन-ब?' असं ते पोस्टमनबद्दल विचारत. वाढवणच्या बंदराचं काय होणार ह्यावर सगळा किनारा हमरीतुमरीवर आलेला असताना, एका बैठकीत साडूभाऊ बोलायला उभे राहिले. आता हे काय बाजू घेतात म्हणून लोक शांत झाले, तर ह्यांनी समोरच्या वक्त्याला सांगितलं, 'तुमचे केस उत्तम दोन-क आहेत, पण तुम्ही तेल लावून त्यांची माती केलीत.' बैठक त्या दिवशी कुठल्याच निर्णयाला आली नाही, आणि दोन्ही बाजू त्याबद्दल साडूभाऊंना दोष देतात.

तेल हा त्यांचा हाडवैरी. तेलाने कुरळा केस जड होतो, लोळतो, आणि त्याचा आत्मविश्वास जातो, असं त्यांचं मत. केसाला आत्मविश्वास असतो हे मला तेव्हाच कळलं. घरातली खोबरेल तेलाची बरणी त्यांनी देवघराच्या फडताळात हद्दपार केली. तेल देवाने वापरावं, माणसाने नाही.

जेल त्यांनी पहिल्यांदा जवसाचं केलं. जवस पाण्यात उकळायचा, आणि गरम आहे तोवर फडक्यातून गाळायचा. गाळायला उशीर झाला की तो असा गोळा होऊन बसतो की फडक्यासकट टाकावा लागतो. साडूभाऊंना गाळण्याआधी त्यामागचं तत्त्व समजावून सांगायची सवय असल्यामुळे घरातले सगळे पंचे आणि एक धोतर त्यात गेलं. शेवटी जेल झालं, पण पातळ झालं. ताईंच्या केसांवरून ते मानेवर, मानेवरून पाठीवर उतरलं. आमची ही तेव्हा तिथेच होती. ती म्हणाली, 'भाऊजी, ह्याच्यापेक्षा आमच्या दुकानातली खळ बरी.' ती गमतीने बोलली, पण साडूभाऊ गंमत ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डहाणू रोडला माझ्या दुकानात हजर. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मी डिंकाच्या बाटल्या विकतो एवढ्या पुण्याईवर त्यांनी मला आपला सहकारी नेमलं. 'तुम्ही डिंकातले माणूस,' ते म्हणाले. 'दाटपणासाठी डिंक पाहिजे. पण नैसर्गिक.'

मग आम्ही नैसर्गिक डिंकाच्या मागे लागलो. आम्ही गुंदर, म्हणजे डिंक, मागितल्यावर किराणावाल्या गुजराती शेठने नेहमीचा प्रश्न केला, 'खावानो के चोपडवानो?' म्हणजे खायचा की फासायचा. साडूभाऊ म्हणाले, 'दोन्ही नाही, अभ्यासाला.' शेठने आयुष्यात ह्या कामासाठी गुंदर विकला नसावा, पण त्याने हू की चू न करता पुडी बांधली. आधी बाभळीचा डिंक झाला. मग कतिरा, जो पाण्यात फुगतो पण विरघळत नाही. मग गवारीच्या डिंकाची पूड, जी पाण्यात सरळ टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या जन्मात मोडत नाहीत. साडूभाऊंनी ती सरळच टाकली.

प्रत्येक डिंक ताईंच्या केसांना लावायच्या आधी ते स्वतःवर करून बघत. आता स्वतःवर म्हणजे मिशीवर, कारण दुसरं काही शिल्लक नव्हतं. मिशी मात्र त्यांची देखणी. पांढरीशुभ्र, झुबकेदार, टोकांना आपोआप वळलेली. टक्कल पडल्यापासून त्यांचा सगळा जीव तिच्यात. बाभळीच्या डिंकाने ती अशी कडक झाली की कप तोंडाला लागेना, आणि त्यांनी दिवसभर चहा चमच्याने घेतला. कतिऱ्याने तिच्यात साबुदाण्यासारखे दाणे अडकले. नेमकी एकादशी होती म्हणून निभावलं. गवारीच्या डिंकाने ती वाळल्यावर पांढरा भुगा पडायचा, आणि समोरचा माणूस बोलता बोलता सदरा झटकायचा. तुलनेला सरळ केस पाहिजेत म्हणून एकदा माझ्याही डोक्यावर प्रयोग झाला. त्या दिवशी दुकानातला पंखा जोरात चालू असताना माझा एक केस हलला नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने जाताना हळूच सांगितलं, 'विग छान बसलाय हं.'

तलासरीच्या आठवडे बाजारात पाड्यांवरच्या बाया धावड्याचा डिंक घेऊन बसतात, तो आणायलाही मी त्यांच्याबरोबर गेलो. साडूभाऊंनी एकेक खडा उजेडात धरून बघायला सुरुवात केली. बाईने विचारलं, 'लाडवाला का?' साडूभाऊ म्हणाले, 'नाही, केसांना.' बाईने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे पाहिलं, आणि विचारलं, 'कोनाचे केसांना?' दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. साडूभाऊंना कसलं काय. ते तिथेच उकिडवे बसले आणि म्हणाले, 'बायकोच्या. आजारपणात गेले होते. परत आलेत, पण बसत नाहीत.' बायांचं हसू थांबलं. पहिलीने पुडीत मूठभर डिंक आणखी टाकला आणि 'बसतील' म्हणाली.

धावड्याचा डिंकही बसवू शकला नाही. दर वेळी ताई ओटीवर डोळे मिटून बसत, साडूभाऊ जेल लावत, मग ताई आरशात बघत आणि 'बरं आहे' म्हणून पदर पुन्हा डोक्यावर घेत. त्या 'बरं आहे'चा अर्थ साडूभाऊंना कळायचा. ते पातेलं घासायला घेत.

अशात आमच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. हा मेहुणा म्हणजे ताईंचा आणि माझ्या बायकोचा भाऊ, तलासरीला असतो. भाचीने हट्ट धरला की पहिली हळद थोरल्या आत्याच्याच हातची लागली पाहिजे, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. ताईंनी निरोप पाठवला, 'केस बसले तर येईन. चारचौघांत डोकं झाकून बसले की सगळ्या विचारणार, आणि उघडं ठेवलं की सगळ्या बघणार. नाहीच बसले तर माझ्या वाटची हळद धाकटीने लावावी.' धाकटी म्हणजे आमची ही. निरोप ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. लहानपणापासून जिच्या मागे मागे फिरली ती बहीण आता हळदीलाही येणार नाही, आणि तेही केसांवरून.

हळदीच्या दिवशी आम्ही दोघं दुपारी गाडी घेऊन चिखल्याला पोचलो. साडूभाऊ फाटकातच उभे होते आणि त्यांची मिशी अशी चकाकत होती की मी आधी तिलाच नमस्कार केला. 'आत जा,' ते म्हणाले, 'आणि बघा.'

आत ताई आरशासमोर बसल्या होत्या. खरं सांगतो, कुरळे केस इतके सुंदर दिसतात हे मला माहीत नव्हतं. एकेक बट वेगळी, वळलेली, चमकणारी. ताई आरशात बघत होत्या आणि त्यांचा हात पदराकडे गेला नव्हता. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'ताई, किती छान दिसतेस गं,' ती म्हणाली. ताई लाजल्या. मी बाहेर येऊन साडूभाऊंचे हात धरले आणि विचारलं, 'शेवटी कुठला डिंक लागू पडला?'

'घरचा,' साडूभाऊ म्हणाले. 'इतके दिवस मी मूर्खासारखा बाजार हिंडलो. आपल्याच वाडीत, आपल्याच झाडाचा.'

'आपल्या झाडाचा म्हणजे?'

'चीक.'

मी त्यांचे धरलेले हात सोडून दिले. चिकूचं कच्चं फळ तोडलं की देठातून दुधासारखा पांढरा चीक गळतो. ताजा असतो तोवर तो अगदी गरीब दिसतो. वाळला की काय होतं ते आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, कपड्याला लागला तर कपड्याबरोबरच जातो. पोर रांगायला लागलं की आमच्याकडे त्याला आधी ह्या चिकापासून लांब ठेवतात. साडूभाऊंचा जन्म चिकूच्या झाडाखाली गेला, पण अभ्यासू माणसाला ठाऊक असलेली गोष्ट आठवेलच असं नाही.

'अहो, तो हाताचा सुटत नाही,' मी म्हटलं.

'तेच तर,' साडूभाऊ म्हणाले. 'म्हणजे पकड बघा कशी असेल.' एवढं बोलून त्यांनी ऐटीत मिशीला पीळ दिला, आणि बोट तिथेच राहिलं.

आतून ताईंची हाक आली. पिवळी साडी नेसून झाली होती, त्यांच्या आईची, हळदीसाठी जपून ठेवलेली. कपाळावरची बट सारखी करायला त्यांनी हात लावला तर बट, बोटं आणि बाजूच्या आणखी बटा सगळं एक झालं होतं. मघाचे ते सुंदर केस वाळत होते आणि वाळता वाळता एकमेकांना धरत होते. शेजारची बाई हाक ऐकून आली. तिने बोटाने चाचपून बघितलं आणि सांगितलं, 'चीक गेला का केसात? मग कापायलाच लागतील. आमच्या पोरांचे आम्ही कापूनच टाकतो.' आमची ही रडवेली होऊन कात्री घेऊन आली.

ताई म्हणाल्या, 'कात्री ठेव खाली. एकदा गेले तेवढे पुरे.'

ज्या केसांना ताई इतके दिवस परके म्हणत होत्या, त्यांच्यावर त्यांनी दोन्ही हात असे धरले होते की बघवेना. साडूभाऊंनी हिसका देऊन बोट मिशीतून सोडवलं. ते देवघरात गेले, फडताळातली खोबरेल तेलाची बरणी घेऊन आले आणि ताईंच्या मागे बसले. साडी काढून ठेवायला लावली, खांद्यावर जुनं पातळ टाकलं, आणि तेलात बोटं बुडवून एकेक बट सोडवायला घेतली. तेलाने चीक सुटतो हे त्यांना त्या क्षणी कुठल्याही मोबाइलवर बघावं लागलं नाही. त्यांना अभ्यास न करता एखादं काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. किती हळू करत होते. मध्येच विचारायचे, 'ओढलं का गं?' ताई म्हणायच्या, 'नाही.' ओढलं असणार, पण त्या नाहीच म्हणत होत्या. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी ते दोघं तसेच बसून होते. तलासरीहून मेहुण्याचा फोन वाजत राहिला, तो मी घेत राहिलो आणि 'निघालोच' म्हणून सांगत राहिलो.

शेवटची बट सुटली. एकही केस कापावा लागला नाही. ताई वळून म्हणाल्या, 'आता तुमची मिशी बघू.' तोपर्यंत तिचा खडा झाला होता. 'तिच्यावर वेळ नको घालवायला, हळद खोळंबलीय,' साडूभाऊ म्हणाले आणि न्हाणीत गेले. परत आले तेव्हा ओठावर काही नव्हतं. डोक्यावर नाही, ओठावर नाही. चेहऱ्याला कुठे सुरुवात आणि कुठे शेवट तेच कळेना. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. 'अगंबाई,' त्या म्हणाल्या, 'सोललेलं हळकुंड दिसताय.' आणि हसत सुटल्या. आजारपणानंतर त्यांना तसं हसताना आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

पुन्हा साडी नेसून झाली, आणि नवीनच पेच पडला. केस तेलाने निथळत होते. शाम्पू करायला वेळ नव्हता. सवयीने ताईंनी पदर उचलला आणि थांबल्या. आईच्या रेशमी साडीला तेलाचा डाग? हळद लागली तर चालेल, साडीच पिवळी आहे. पण तेल नाही. आमची ही म्हणाली, 'टॉवेल गुंडाळतेस?' ताई म्हणाल्या, 'टॉवेल गुंडाळून पहिली हळद लावू? न्हाणीतून उठून आल्यासारखी?' थोडा वेळ त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मग पदर खांद्यावर टाकून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, 'चला. बघतील तर बघतील.'

तलासरीच्या मांडवात ताई उघड्या डोक्याने शिरल्या आणि बायकांचा घोळका त्यांच्याभोवती जमला. कोणी आजाराचं विचारलं नाही. सगळ्या केसांकडेच बघत होत्या. तेलाने बटा काळ्याभोर झाल्या होत्या आणि वळून वळून मानेवर शांत बसल्या होत्या. 'कुठल्या पार्लरला गेली होतीस गं?' 'पार्लर कसलं,' ताई म्हणाल्या, 'ह्यांनी बसवले.' मग घोळका साडूभाऊंकडे वळला. काय लावता, कसं करता, घरी जमेल का? ज्या प्रश्नाची ते इतके दिवस वाट बघत होते तो समोर चालत आला होता. साडूभाऊंनी घसा साफ केला, हात मिशीकडे नेला, ती तिथे नव्हती. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तेल.' त्यांच्या आयुष्यातलं एवढं छोटं व्याख्यान हे एकच. भाची पाटावर बसली, ताईंनी पहिली हळद लावली, आणि मग गाणी सुरू केली ती आवाज बसेपर्यंत.

ह्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. साडूभाऊंची मिशी परत आली. ताई लग्नाला जातात, बाजाराला जातात, डोक्यावरचा पदर गेला तो गेलाच. बरणी मात्र पुन्हा फडताळात गेली आहे, कारण तेलाने त्या दिवशी जे झालं ते अपघाताने झालं, त्याला शास्त्र म्हणता येणार नाही, असं साडूभाऊंचं म्हणणं. जेल अजून चालू आहे. हल्ली बटा पहिल्यासारख्या वळत नाहीत, डिंकच कुठेतरी कमी पडतोय, असं सांगत ते दर बाजाराला तलासरीला जातात. तिथली बाई आता त्यांना 'केसवालं भाऊ' म्हणते, आणि ह्या नावाचा त्यांना फार अभिमान आहे.

परवा आमची ही चिखल्याला गेली होती. साडूभाऊ डिंक आणायला गेलेले. ताई ओटीवर बसून ओले केस एकेक बट करून जुन्या पातळाच्या चिंध्यांवर गुंडाळत होत्या. 'ताई, हे काय गं?' हिने विचारलं. ताई म्हणाल्या, 'मुळापासून सरळ येतायत, पहिल्यासारखे. ह्यांना सांगू नकोस. ते यायच्या आत वाळले पाहिजेत.' मग हीच ताईंच्या मागे बसली आणि उरलेल्या बटा गुंडाळून दिल्या.